लिहिलेली मापंच पाळावीत

इमारतीच्या कुठल्याही नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, एक चौकट असते. तिच्यात इमारतीचं नाव, कचेरीचं नाव, तारीख, नकाशा काढणाऱ्याची आद्याक्षरं आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं असतात. त्या सगळ्याच्या खाली, डोळे बारीक केल्याशिवाय दिसू नये अशा अक्षरात, एक सूचना असते: नकाशावर पट्टी लावून मोजू नये, लिहिलेली मापंच पाळावीत. ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. चिंगीने मात्र ती नुसती वाचली नव्हती, तिच्यावर भर वर्गात दहा मिनिटं बोलून शाबासकी मिळवली होती. कागद दमट हवेत फुगतो, छापताना आखडतो, पण लिहिलेला आकडा जागचा हलत नाही, असं काहीतरी ती बोलली होती, आणि प्राध्यापकांनी मान डोलावली होती.

चिंगी हे तिचं घरातलं नाव. सव्वीस वर्षांची झाली तरी घरात कुणी ते बदललं नव्हतं. आर्किटेक्टची पदवी तिने कधीच घेतली होती आणि आता ती पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. आठवड्याचे तीन दिवस कॉलेज, तीन दिवस एका आर्किटेक्ट सरांची कचेरी. या धंद्यात नुसती पदवी खिशात असून भागत नाही. दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, काय काय केलं ते अनुभववहीत लिहायचं, दर महिन्याला सरांची सही घ्यायची, एका इमारतीचा पायापासून ताबा देईपर्यंतचा अहवाल लिहायचा आणि शेवटी तीन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षेला बसायचं. त्यातून सुटलं की नोंदणी होते. मग चौकटीत आद्याक्षरांऐवजी पूर्ण नाव येतं. त्या पूर्ण नावासाठी चिंगीने बाकी सगळं बाजूला सारलं होतं, अगदी झोप आणि मैत्रिणीसुद्धा.

तिचे वडील सुतार. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांची दारं, खिडक्या, जिने आणि कठडे केले. घरी त्यांना अण्णा म्हणत, कामावर मिस्त्री. चिंगीचं नकाशे काढायचं टेबल त्यांनीच एका रद्द झालेल्या दाराच्या फळीचं केलेलं होतं. त्या फळीला कुलपाचं भोक तसंच होतं, आणि चिंगी त्यात पेन्सिली उभ्या करून ठेवायची. कॉलेजात कुणी विचारलं तर ती सांगायची, वडील इंटीरियरचं काम करतात. हे खोटं म्हणता येत नव्हतं आणि खरं म्हणायला जीभ रेटत नव्हती. असल्या अर्धवट वाक्यांवर माणसं वर्षानुवर्षं निभावून नेतात, तशी तीही नेत होती.

सरांच्या कचेरीकडे तेव्हा वृद्ध निवासाचं काम होतं. तीन मजले, मधे चौक, आणि प्रत्येक मजल्यावर चौकाच्या बाजूने लांब गॅलरी. गॅलरीला लाकडी कठडा घालायचा ठरला. सरांनी तो नकाशा चिंगीकडे दिला, वर दोन दिवसांची मुदत दिली. त्याच आठवड्यात कॉलेजात शोधनिबंधाचं पहिलं प्रकरण द्यायचं होतं. मग चिंगीने या धंद्यात सगळेच करतात तेच केलं. संगणकावरच्या जुन्या कामांत तिला एका प्रदर्शन दालनाचा कठडा सापडला, चांगला देखणा. तो तिने उचलला, लाकडाची जाडी बदलली, खांबांमधलं अंतर बदललं, खालच्या चौकटीत आपली आद्याक्षरं घातली आणि दिला. सरांनी तपासणाऱ्याच्या जागी आपली घातली. किती वेळ पाहिलं असेल देव जाणे.

त्या जुन्या दालनात स्लॅब घासून गुळगुळीत करून तीच जमीन म्हणून ठेवली होती. त्यामुळे कठड्याची साडेतीन फूट उंची स्लॅबपासून लिहिलेली होती, आणि ती बरोबरच होती. वृद्ध निवासात मात्र स्लॅबवर पाणी अडवायचा थर होता, त्यावर उताराचा कोबा आणि त्यावर लादी. सगळं मिळून पाच इंच. खांब आधी स्लॅबला बोल्टाने बसवायचे आणि लादी मागून पडायची, म्हणजे लादी पडली की साडेतीन फुटांचा कठडा तीन फूट एक इंच उरणार. नकाशात बाणाचं वरचं टोक कठड्याच्या माथ्याला होतं आणि खालचं टोक स्लॅबला. ते खालचं टोक लादीला असायला हवं होतं. एवढीच चूक. तिला चूक म्हणायलाही संकोच वाटावा, इतकी ती बारीक होती.

हे काम कंत्राटदाराने कुणाला दिलंय, याचा चिंगीला पत्ता नव्हता. सरांबरोबर पाहणीला गेली तेव्हा दुसऱ्या मजल्यावर लाकडाच्या भुशात मांडी घालून बसलेले अण्णा दिसले. तिचं पाऊल जिन्यातच अडलं. अण्णांनी वर पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि अंगावरच्या ढलप्या झटकत उभे राहिले.

"नमस्कार साहेब. नमस्कार मॅडम."

"मिस्त्री, कठड्याचं ड्रॉइंग या मॅडमनीच काढलंय," सर म्हणाले. "काही अडलं तर यांना विचारा."

"चांगलं काढलंय," अण्णा म्हणाले. "लाकडाची जाण दिसते मॅडमना."

हे माझे वडील. तीन शब्द होते. चिंगीच्या ओठांपर्यंत आले असतील, नसतीलही, ते तिचं तिलाच ठाऊक. ती नकाशाकडे पाहत राहिली आणि सर पुढच्या खोलीकडे वळले तशी त्यांच्यामागून गेली. संध्याकाळी घरी अण्णांनी ही गोष्ट आईला रंगवून सांगितली, नमस्कार मॅडम म्हणताना कपाळाला हात लावून दाखवला आणि पोट धरून हसले. आई हसली नाही.

"बापाला ओळख द्यायला लाज वाटली का गं?" तिने विचारलं.

"अगं, मीच नाही दिली," अण्णा म्हणाले. "कामाच्या जागी नातं आणलं की मापं बिघडतात. तिचा साहेब म्हणाला असता, बापाला काम मिळवून दिलं."

चिंगीला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच चीड येत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ती टेबलाशी बसली होती. वृद्ध निवासाचाच अहवाल लिहीत होती, कारण परीक्षेसाठी तिने तीच इमारत घेतली होती. अण्णा कठड्याच्या नकाशाची प्रत घेऊन आले. प्रत घामाने मऊ झालेली, घड्यांवर काळी पडलेली. त्यांनी ती तिच्या कागदांवर अंथरली.

"चिंगे, हे जरा बघ."

"अण्णा, आत्ता नको."

"एकच मिनिट. हे साडेतीन फूट स्लॅबपासून लिहिलंय तू. वर लादी पडणार. कोबा पडणार. मग कठडा बुटका होईल गं. उभ्या माणसाच्या बेंबीच्या वर लागला पाहिजे कठडा, नाहीतर माणूस वरून कलंडतो."

तिने नकाशाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे त्यावरून फिरवले. मन अहवालाच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यात होतं. त्यात तिच्या आतून भलतंच काहीतरी वर आलं. पाहणीच्या दिवसाची लाज असेल, किंवा सात वर्षं शिकून आल्यावर बेंबीने माप घेणाऱ्या माणसाने चूक काढावी याचा राग असेल.

"अण्णा, नकाशा असा बेंबीने वाचत नाहीत," ती म्हणाली. "आकडा लिहिलाय ना? तेवढाच करायचा. हे बघा, खाली छापलंयसुद्धा. लिहिलेली मापंच पाळावीत. प्रत्येक मिस्त्री आपल्या अकलेने वरखाली करायला लागला तर इमारत उभी राहील का?"

अण्णांनी खाली वाकून ती बारीक ओळ वाचली. ओठ हलवत, एकेक शब्द. मग तिच्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं.

"म्हणजे बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि कानावरची पेन्सिल काढत बाहेर गेले.

खांब उभे राहिले, लादी पडली, कठड्याला पॉलिश झालं. ताबा देण्याच्या दिवशी सर आणि चिंगी सगळ्या गॅलऱ्यांतून फिरले. चिंगी बुटकी होती. तिला कठडा पुरेसा उंच वाटला. तिने अनुभववहीत लिहिलं, गॅलरीच्या कठड्यांची पाहणी केली. सरांनी खाली सही केली.

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, कचेरीत फोन आला. निवासातल्या एक बाई दुसऱ्या मजल्यावरून चौकात पडल्या होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, अंगाने चांगल्या उंच. खाली उभ्या असलेल्या मैत्रिणीचा चष्मा वरच राहिला होता. तो हातात धरून, हा बघ, इथेच आहे, असं सांगायला त्या कठड्यावरून वाकल्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या गेल्या. त्यांच्या हातातला चष्मा म्हणे धड राहिला, काचेला चरासुद्धा नाही.

फोन ठेवल्यावर चिंगीने संगणकावर नकाशा उघडला. या खेपेला तिने खरोखर पाहिलं. बाणाचं खालचं टोक स्लॅबवर टेकलेलं होतं, आणि त्याच्या वर पाच इंचांचे थर तिनेच, दुसऱ्या एका नकाशात, एकेक करून नावानिशी काढलेले होते.  अण्णांचं बोट, ती रविवारची दुपार, बेंबी हा शब्द, सगळं एकदम आठवलं. 

सरांनी तिला दुपारी आत बोलावलं. सर काही खलनायक नव्हते. एरवी गोड बोलणारा, चुकलं तरी आवाज न चढवणारा माणूस. त्यांच्यासमोर तोच नकाशा होता, आणि त्यांच्या कोपराखाली तिची अनुभववही होती. शेवटच्या पानावरची मोठी सही अजून व्हायची होती. तोंडी परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती.

"तपासायला मीही होतो," ते म्हणाले. "तेव्हा तुला एकटीला बोल लावत नाही. पण हे असंच चौकशीत गेलं तर कचेरी बंद होईल, माझी नोंदणी जाईल, आणि तुझी होणारच नाही. आपण दोघं संपलो तर त्या बाई काही परत येणार नाहीत."

त्यांनी नकाशा तिच्याकडे वळवला.

"एक रेघ आहे," सर म्हणाले. "खालचं टोक स्लॅबवरून लादीवर आण. तारीख जुनीच राहू दे. कंत्राटदाराशी मी बोललोय, त्याची प्रत बदलून घेईन. त्यालाही लादी टाकताना कुणी मोजलं नाही हे झाकायचंच आहे. राहिला तो सुतार. त्याचा ना परवाना, ना नोंदणी. त्याला ताकीद देतील. त्याचं असं काय जाणार आहे?"

इथे तरी चिंगी बोलेल, असं वाटतं ना? तो सुतार माझा बाप आहे, असं म्हणायला दुसऱ्यांदा जागा मिळाली होती. पण ती म्हणाली असती तर सर दचकले असते, दुसरा मार्ग शोधावा लागला असता, आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गाच्या टोकाला तिचं पूर्ण नाव नव्हतं. हे तिला सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं पुढे तिने स्वतःला पटवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. ती टेबलाशी परतली, रेघेचं टोक धरलं आणि पाच इंच वर सरकवलं. त्याला पाऊण मिनिटसुद्धा लागलं नाही. सरांनी नवी प्रत छापून घेतली आणि अनुभववहीवर मोठी सही केली.

चौकशी निवासाच्याच जेवणाच्या खोलीत झाली. लांब टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं नळकोंडाळं. दारापाशी दोनतीन म्हातारी माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांना कुणी जा म्हणालं नाही. चौकशी अधिकारी हा मध्यम वयाचा, सर्दीने बेजार झालेला माणूस होता. आधी सर बोलले, मग कंत्राटदार. मग अण्णांना बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून आले होते आणि चपला दाराबाहेर काढून आले होते, त्यामुळे त्या खोलीत त्यांचेच तेवढे पाय उघडे होते. नाव विचारलं, सांगितलं. आडनाव चिंगीचंच, पण त्या आडनावाची माणसं पोत्याने सापडतील. अधिकाऱ्याने मान वर न करता लिहून घेतलं.

"हा नकाशा ओळखता?"

अण्णांनी कागद हातात घेतला. कोरा करकरीत, एकही घडी नसलेला. त्यांनी तो नेहमीसारखा लांब धरला, मग जवळ आणला. नजर आधी आकड्यावर गेली, मग बाणावर, बाणाच्या खालच्या टोकावर. तिथे ती थांबली. खोलीत नळ ठिबकत होता. चिंगी चार खुर्च्यांपलीकडे बसली होती. अण्णांची नजर तिथून निघाली आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत, तिच्या आद्याक्षरांपर्यंत आली. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तळव्याने सपाट केला, तो आधीच सपाट असूनही.

"ओळखतो साहेब."

"यात उंची लादीपासून दाखवलीय. तुम्ही कुठून धरली?"

"स्लॅबपासून."

"का?"

"चुकलं."

"पस्तीस वर्षं काम करताय म्हणता. शंका आली नाही?"

"नाही आली."

"कुणाला विचारलं नाही? या मॅडम होत्या ना, यांना विचारायचं."

अण्णांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर चिंगीला ते सोसलं असतं.

"मॅडमनी बरोबर काढलं होतं," ते म्हणाले. "त्यांचा काही दोष नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मीच विचारलं नाही."

"तुमच्याकडे जागेवरची प्रत असेल."

"होती साहेब. भुशाबरोबर गेली."

अधिकाऱ्याने नाक शिंकरलं आणि लिहून घेतलं. दारातल्या म्हाताऱ्यांपैकी एक बाई, जिचा चष्मा वर राहिला होता तीच, अण्णांकडे बघत म्हणाली, "बाबा रे, पाच इंचाचं लाकूड वाचवून तुला काय मिळालं?" अण्णांनी तिला हात जोडले. 

निर्णय आला. सुताराच्या निष्काळजीपणामुळे कठड्याची उंची कमी राहिली, असा. शिक्षा अशी फार नाही, लेखी ताकीद. सर म्हणाले होते तसंच. पण अशी बातमी एका कामावरून दुसऱ्या कामावर जायला कागद लागत नाही. ज्या कंत्राटदाराकडे अण्णा वीस वर्षं होते त्याने, सध्या काम कमी आहे मिस्त्री, असं सांगितलं. दुसऱ्याने निरोपाला उत्तरच पाठवलं नाही. तिसऱ्याच्या कामावर ते स्वतः गेले तेव्हा तिथली पोरं आपसात म्हणाली, हाच तो म्हातारीला पाडणारा. अण्णा पेटी उचलून परत आले, आणि पेटी दाराआड ठेवली ती तिथेच राहिली.

घरात या विषयावर कुणी बोललं नाही. तिघं जेवायला बसत, ताटं उचलत. आईला सगळं ठाऊक होतं, तिला कुणी सांगितलं नसलं तरी. एकदा चिंगी वाढून घेत असताना ती म्हणाली, "परीक्षा नीट दे हो. घरात आता तेवढंच उरलंय." आणि भांडी घासायला उठली.

अहवाल तर पूर्ण करायचाच होता. त्यात अपघाताचा उल्लेख टाळता येत नव्हता, कारण ताबा दिल्यानंतरच्या घटना, असं एक प्रकरणच असायचं. चिंगीने ते वाक्य सात वेळा लिहिलं. आधी लिहिलं, काही कारणाने. मग, कामातल्या त्रुटीमुळे. सरांनी वाचून पेन्सिलीने दुरुस्त केलं, मोघम नको, चौकशीत आहे तेच लिही. शेवटी तिने कुलपाचं भोक असलेल्या त्या टेबलावर बसून लिहिलं: सुताराने लिहिलेलं माप न पाळल्यामुळे. पलीकडच्या खोलीत सुतार कुशीवर वळला, त्याच्या खाटेचा आवाज तिला ऐकू आला. भर दुपारी झोपायची सवय त्याला आयुष्यात कधी नव्हती.

तोंडी परीक्षेत तीन परीक्षक होते. मधल्या परीक्षक बाईंनी अहवाल चाळला आणि त्या प्रकरणापाशी बोट घातलं.

"हे तुम्ही लपवलं नाहीत, हे मला आवडलं," त्या म्हणाल्या. "मुलं सहसा असली प्रकरणं गाळतात. आता मला सांगा, आपण प्रत्येक नकाशावर छापतो, लिहिलेली मापंच पाळावीत. समजा लिहिलेलं मापच चुकलेलं असेल, आणि कारागिराने ते इमानाने पाळलं. मग जबाबदारी कुणाची?"

चिंगीने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

"ज्याने लिहिलं त्याची," ती म्हणाली.

"आणि कारागिराने शंका काढली होती, तरी त्याला गप्प केलं असेल तर?"

"तर तेव्हा ती चूक राहत नाही," चिंगी म्हणाली. "मग तो अपराध होतो."

आवाज जराही हलला नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डावीकडच्यांनी कागदावर काहीतरी ठळक लिहिलं. बाहेर बाकावर अर्धा तास बसवून त्यांनी तिला परत आत बोलावलं आणि उत्तीर्ण झाल्याचं सांगितलं. मधल्या बाई हात मिळवताना म्हणाल्या, "व्यवसायाला तुमच्यासारखी स्पष्ट माणसं हवीत."

घरी आली तेव्हा ऊन अजून होतं. आई पायरीवर धान्य निवडत बसली होती. चिंगीने सांगितलं. आईने मान हलवली, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "सर्टिफिकेट कुठं लावायचं ते सांग. खिळा ठोकायला माणूस रिकामाच आहे घरात." मग तिलाच ते सोसवलं नसावं, कारण पदराने डोळे पुसत ती आत गेली.

अण्णांनी बातमी ऐकली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत तसाच, जरा जड. मग दाराआडून पेटी ओढली, रंधा आणि पटाशा बाजूला केल्या आणि तळातून चौपदरी घडीचा कागद काढला.

"हे तू ठेव," ते म्हणाले. "फाडायला घेतलं होतं. पण तुझं नाव आहे त्यावर. पहिलंच होतं. माझ्याकडे नको आता, कुणाच्या हाती लागेल."

तिने घडी उलगडली. घामाने मऊ, काळ्या पडलेल्या घड्या, बाणाचं खालचं टोक स्लॅबवर. आणि बाणाच्या शेजारी सुताराच्या जाड पेन्सिलीने, अण्णांच्या वाकड्या अक्षरात, त्या रविवारची तारीख घालून लिहिलेलं होतं: लादी, कोबा ५ इंच. कठडा बुटका होईल. चिंगीला विचारलं. बरोबर आहे म्हणाली.

हा कागद चौकशीच्या दिवशी त्या खोलीत, त्यांच्या खिशात असता तर सगळं उलटं झालं असतं. हे अण्णांना माहीत होतं, आणि नसल्याचं सांगताना त्यांनी पापणीसुद्धा लववली नव्हती. 

"अण्णा, मी जाते. मी सांगते त्यांना. सगळं सांगते."

"काय सांगशील? बाप खोटं बोलला म्हणून?" ते म्हणाले. "आता सांगून तुझंही जाईल आणि माझं परत येणार नाही. पुरे झालं."

"तुम्ही असं का केलंत?"

 खरं तर हा प्रश्न तिने त्यांना विचारायचा नव्हताच. अण्णा कोपऱ्यातल्या लाकडांत हात घालून काहीतरी शोधत होते. सागवानाची एक पट्टी बाहेर काढली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"सर्टिफिकेटला चौकट करून ठेवतो. हाताला तेवढंच काम. माप काय त्याचं?"

"अजून मिळालं नाही ते. महिन्याने पाठवतात."

"पण माप माहीत असेल ना तुला?"

सरांच्या कचेरीत भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. ते तिने रोज पाहिलं होतं, मोजलं कधीच नव्हतं. "असेल बारा बाय सोळा," ती म्हणाली.

"तोंडी नको. लिहून दे." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

हातातल्या कागदाच्या पाठीमागे तिने लिहून दिलं, बारा बाय सोळा. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला आणि काही न विचारता लाकूड कापायला घेतलं.